बर्णबाचं आख्यान

सोमवार, ६ ऑक्टोबर

काल उपासनेनंतर चर्चमध्ये मीटिंग होती, आणि तिथं मी नको ते बोलून बसले. आज सकाळपासून चहाचा तिसरा कप चालू आहे.

झालं असं, की दर वर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी आमच्या इंदूरच्या मराठी मंडळीचं कीर्तन असतं. पेटी, तबला, झांज, सगळं जगासारखंच, फक्त कथा आपल्या शास्त्रातली. एकतीस वर्षं ते आमच्या मास्तरांनी केलं. नवऱ्याला मास्तर म्हणते म्हणून नीरजा, माझी पोरगी, हसते. पण सगळं चर्च म्हणायचं, मी एकटीनं काय वेगळं म्हणायचं? मास्तर जानेवारीत गेले. तर नवे पाळक अर्पित, वयानं माझ्या नीरजाएवढे, जबलपूरचे, ते म्हणाले, "मास्टरजी तो रहे नहीं. इस बार वो शाम यूथ को दे देते हैं. कीबोर्ड रहेगा, हिंदी गीत रहेंगे."

स्त्री मंडळाच्या मनोरमाबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. "मास्तरांसारखं कोण करणार आता."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या हलणाऱ्या माना बघून मला काय झालं की. मी म्हटलं, "मी करते."

मनोरमाबाईंचा रुमाल तिथंच राहिला. "तू? अगं, तू तर मागं झांज वाजवायचीस."

"हाव. आता हात रिकामेच आहेत."

पाळक म्हणाले, "आंटीजी, डेढ़ घंटा खड़े रहना है."

"आप हर इतवार खड़े रहते हो. हम बैठते हैं ना चुपचाप?"

ते हसले. माणूस वाईट नाही. पण मग म्हणाले, ठीक है, इस बार देख लेते हैं. जम गया तो हर साल मराठी कीर्तन. लोग बीच में उठ गए तो वो तारीख हमेशा के लिए यूथ की. आणि ते लिहूनही घेतलं.

विषय विचारला. तोंडातून निघालं, बर्णबा.

"पौलासारखा प्रेषित सोडून बर्णबा?" मनोरमाबाई म्हणाल्या. "त्याचं दीड तास काय सांगणार तू? तो तर नुसता पौलाच्या बरोबर असायचा."

"मीही नुसतीच बरोबर असायची," मी म्हटलं. "ओळख आहे आमची."

बुधवार, ८ ऑक्टोबर

मास्तरांच्या वह्या काढल्या. अकरा आहेत. सगळ्यांत पौल. अक्षर माझं. मास्तरांना सुचायचं आणि मी लिहून घ्यायची. कधी कधी तर त्यांना सुचायच्या आधीच माझं लिहून व्हायचं, मग ते वाचून म्हणायचे, हेच माझ्या मनात होतं. इतकं एकमत. गावच्या शाळेत सातवी झालेल्या बाईला अजून काय पाहिजे.

बर्णबा कुठं कुठं आहे ते शोधलं. सुरुवातीला आहे. पौल तेव्हा पौल नव्हता, शौल होता, विश्वासणाऱ्यांना धरून तुरुंगात घालायचा. तो बदलला, यरुशलेमेला आला, तर कुणी दारात उभं करेना. भीती वाटणारच. बर्णबानं त्याचा हात धरून आत नेलं आणि सगळ्यांना म्हणाला, ह्याचं ऐकून तरी घ्या. मास्तरांच्या कीर्तनात ह्याला दीड मिनिट. त्यानंतर तो नुसता "आणि बर्णबा". पौल आणि बर्णबा इथं गेले, पौल आणि बर्णबा तिथं गेले. शेवटी मार्क नावाच्या पोरावरून दोघांचं भांडण होतं आणि बर्णबा वहीतून गायब. जाताना "येतो हं" म्हणून पण नाही.

आज त्याच्यासाठी पहिलं पद लिहिलं:

दारात उभा जो परका, त्यास आत घेतला कोणी?
बर्णबा म्हणे, हा माझा. ऐका याची वाणी.

चाल बरी बसली. भेंडी करपली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

लक्ष्मीकांतराव पेटी घेऊन आले. अन्नपूर्णेच्या देवळामागं राहतात, दोन गल्ल्या सोडून. त्यांचे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते, हे ते भेटेल त्याला सांगतात. शुक्रवारी देवळात भजनाला पेटी वाजवतात आणि वीस वर्षं आमच्या ह्या नोव्हेंबरच्या कीर्तनाला. पौलाचे तिन्ही प्रवास त्यांना पाठ आहेत, आमच्या अर्ध्या मंडळीला नाहीत.

"वहिनी, सूर कोणता देऊ? मास्तर पांढरी एकला गायचे."

"मग तोच द्या. एकतीस वर्षं त्यातच गायले."

"ते त्यांच्या गळ्याला होतं. तुमचा कोणता?"

आता मला काय माहीत माझा कोणता. ते एक एक पट्टी चढवत गेले आणि काळी चारला गळा आपोआप उघडला. लक्ष्मीकांतराव चष्म्यावरून बघायला लागले. "वहिनी, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही तळघरात गात होता."

मग मुख्य गंमत झाली. त्यांनी पदाची सुरावट वाजवली, मी उभी राहिले, श्वास घेतला आणि गप. ते परत फिरून आले. मी गप. तिसऱ्यांदा आले.

"वहिनी, गाडी गेली."

"कोणती?"

"तुमचीच. तीनदा."

तेव्हा कळलं. मी वाट बघत होते. पहिली ओळ मास्तर म्हणायचे, दुसरी मी उचलायची. पहिली कुणीतरी म्हणेल म्हणून मी तोंड उघडं ठेवून उभी. पाच-सहा वेळा केलं. दर वेळी "बर्णबा म्हणे" पासून सुरू. लक्ष्मीकांतराव म्हणाले, सवाल न ऐकताच जवाब देणारी बाई पहिल्यांदा बघितली. मी म्हटलं, तुमच्या घरी नव्हती का? त्यांनी जिलबी आणली होती, ती खाऊन गेले. हल्ली रोज काहीतरी आणतात. एकट्या माणसाला भूक जास्त लागत असेल.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दिवाळीमुळं तालीम नाही. बसून लुस्त्र गावाचा भाग लिहिला. तिथं ह्या दोघांच्या हातून एक पांगळा उठून चालायला लागतो, तर लोकांना वाटतं देवच उतरले. आणि मोठा देव कोण समजले? बर्णबा. पौल बोलत होता म्हणून तो देवाचा निरोप्या. गप्प उभा आहे तो मालक. बळी द्यायला बैल आणले, हार आणले. थोड्या वेळानं तेच लोक दगड घेऊन आले, ते वेगळं. पण हे मास्तरांनी एकदाही सांगितलं नाही. मी वहीत लिहिलेलं सापडलं, त्यावर त्यांनी रेघ मारलेली.

तबल्याचं काय करायचं? कीर्तनात तबला नसेल तर लोक पंधरा मिनिटांत मोबाईल काढतात. यूथमधला एक जण ड्रम वाजवतो, त्याला विचारलं तर म्हणे, "आंटी, बीट बता दो." मी दीपचंदी म्हटलं. तो अजून गूगल करतोय.

ज्याला ह्या चाली येतात असा इंदुरात एकच माणूस आहे, आणि त्याचं नाव ह्या घरात बारा वर्षं कुणी घेतलेलं नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

हे लिहायचं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला सांगणार.

मुकुल आमच्याच मंडळीतला. वीस वर्षांचा होता तेव्हापासून मास्तरांबरोबर तबल्याला. सहा वर्षं आमच्याबरोबर महू, देवास, धार फिरला. माझ्या हातचे पोहे खाल्ल्याशिवाय गाडीत बसायचा नाही. बारा वर्षांपूर्वी खंडव्याला कीर्तन होतं. अर्ध्यात अचानक ताल सुटला. मास्तर थांबले, वळले आणि भर सभेत मुकुलला म्हणाले, ज्याचं लक्ष नाही त्यानं देवाच्या कामात येऊ नये. मुकुलनं कीर्तन पुरं केलं, तबला झाकला आणि स्टँडवर जाऊन मिळेल ती बस धरली. दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूरला आम्ही तबल्याशिवाय. मास्तरांनी त्याला परत उभं केलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण शास्त्रात तो मार्क आहे ना, प्रवासात पंफुल्याहून अर्ध्यात घरी पळणारा. पुढच्या वेळी बर्णबा म्हणतो त्याला परत घेऊ, पौल म्हणतो मुळीच नाही. तो प्रसंग मास्तर दर वर्षी रंगवायचे. "अर्ध्या वाटेत तबला टाकून पळाला" म्हणायचे, तबला, आणि मंडळी हसायची. सगळ्यांना कळायचं कुणाला म्हणतात. दुसऱ्या वर्षी मुकुल ऐकायला आला होता, मागच्या बाकावर. तिसऱ्या वर्षापासून त्यानं चर्च बदललं.

तर ते खंडव्याचं. तबला चुकला नव्हता. मास्तरांची एक ओळ सुटली, ते सरळ पुढच्या कडव्यावर उडी मारून गेले. मी लगेच वरून गाऊन झाकलं, नेहमीसारखं. मुकुल बरोबर जागेवर होता. मला तेव्हाच माहीत होतं. मी झांज वाजवत राहिले.

सोमवार, ३ नोव्हेंबर

बडा गणपतीला गेले. तिथं मुकुलचं दुकान आहे, तबला-ढोलकीची दुरुस्ती. मास्तरांचा तबला रिक्षात मांडीवर घेऊन गेले, पुडी, वरचं कातडं, फाटली म्हणून. बहाणा, दुसरं काय.

मुकुलनं मान वर केली, "या काकू" म्हणाला आणि स्टूल पुसून दिलं. जसं काही मी मंगळवारीच येऊन गेले होते. केस पांढरे झालेत पोराचे. तबला उलटा सुलटा केला.

"कुणी वाजवत नाही वाटतं."

"उंदीर वाजवतात. पण त्यांना दीपचंदी येत नाही."

हसला. मग मी कीर्तनाचं सांगितलं, आणि तू ये म्हटलं. तो तबल्याची कातडी वादी ओढत राहिला. "काकू, मला मास्तरांनी काढलं. मास्तरांनी बोलावलं तर येईन."

"ते आता कुठून बोलावणार?"

"तेच म्हणतोय."

मी म्हटलं, "मुकुल, खंडव्यात तू चुकला नव्हतास."

"माहितेय काकू. मीच वाजवत होतो ना."

इतकं साधं म्हणाला. मी घरून काय काय ठरवून गेले होते, ते सगळं गिळलं. मग म्हटलं, मी हे कीर्तनात सगळ्यांसमोर सांगणार आहे. तर हात थांबले त्याचे. "नका. मास्तर गेले आता. लोक म्हणतील मुकुलनं म्हातारीला बोलायला लावलं."

"म्हातारी कोण?"

"तबला बुधवारी, बारा तारखेला तयार होईल," तो म्हणाला.

"घरी आणून दे. माझ्यानं उचलवत नाही," मी म्हटलं, आणि रिक्षात टुणकन चढले. त्यानं बघितलं असणार.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिली ओळ अजून येत नव्हती. घरात म्हणून म्हणून शेजारचे दार लावायला लागले. म्हणून सकाळी लालबागेत गेले. तिथं फिरायला येणारे सगळे कानात काहीतरी घालून असतात, कुणाला त्रास नाही. एका झाडाखाली उभी राहिले, डोळे मिटले आणि जोर लावून म्हटलं, "दारात उभा जो परका, त्यास आत घेतला कोणी?"

तर शेजारून आवाज. "किसने लिया, माताजी?"

डोळे उघडले. पांढरे बूट घातलेले एक काका, हातात दुधाची पिशवी, खरंच थांबलेले. चेहऱ्यावर चिंता. त्यांना वाटलं माझ्या घरात कुणी शिरलं.

"बर्णबानं," मी म्हटलं.

"अच्छा. पहचान का था?"

"उसी की पहचान कराने निकली हूँ, भिया."

ते मान हलवत गेले. मी परत म्हटली ती ओळ, आणि परत. आली. आतापर्यंत मी ती मास्तरांसारखी म्हणायचा प्रयत्न करत होते, छाती काढून. ती तशी नाहीच. ती विचारायची ओळ आहे. कुणाला तरी बघून विचारायची.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आजचा बेत देवासमोर सांगण्यासारखा नाही, पण त्याला माहीतच आहे.

मुकुल चारला तबला घेऊन येणार होता. मी लक्ष्मीकांतरावांना साडेतीनला बोलावलं आणि म्हटलं, तुम्ही डब्यावर ठेका धरा, आणि चुकीचा धरा. ते म्हणाले, वहिनी, माझ्या हातून मुद्दाम चूक होणार नाही. मी म्हटलं, मुद्दाम करायची गरज पडणार नाही, तुम्ही फक्त धरा.

मुकुल दारात आला तेव्हा आमचं जोरात चाललं होतं. तो तबला खाली ठेवून उभा. लक्ष्मीकांतराव साबुदाण्याच्या डब्यावर असं काही बडवत होते की आतला साबुदाणा रडत असेल. एक मिनिट झालं, दीड झालं. मुकुलनं चप्पल काढली, आत आला, डबा त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. तबला लावायला लागला. काळी चारला, न विचारता. बाहेरून ऐकलं असणार.

दोन तास वाजवलं. मला पहिली ओळ घेताना मध्ये घाई होते, तिथं त्यानं एक मात्रा हात नुसता वर धरला. बस. मला कळलं, तिथं थांबायचं.

मग पोहे केले. खाताना मास्तरांचं निघालं. मी सांगितलं, शेवटच्या आठवड्यात डोकं ठिकाणावर नव्हतं बिचाऱ्यांचं. हॉस्पिटलातून घरी आणलं तर सारखं विचारायचे, तबला आला का. मी कपाटावरून काढून पलंगाशी ठेवला, हात लावून दाखवला. तरी आपलं तेच, अजून तबला आला नाही का. लहान मुलासारखं.

मुकुल हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता. पाणी एक दिवसाआड येतं आमच्याकडं, पण पाहुण्याला काय बोलायचं. आला तेव्हा डोळे लाल. मिरची जास्त पडली होती पोह्यात.

जाताना म्हणाला, "येतो काकू तेवीसला. पण ते खंडव्याचं बोलायचं नाही."

मी "बरं" म्हटलं नाही. दार लावून घेतलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मनोरमाबाई आल्या. बसल्या नाहीत, म्हणजे मामला गंभीर.

"मुकुलला घेतेयस म्हणे. मास्तरांनी ज्याला काढलं त्याला?"

"हाव. चहा घेणार?"

"मास्तरांच्या नावाचा बॅनर छापून आलाय, शशिकला. मोठा, फोटोवाला. त्या फोटोखाली तो माणूस बसणार? मास्तर वरून बघत असतील."

"बघू देत. एकतीस वर्षं मी मागून बघितलं."

त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. त्यांचा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस मास्तर रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन प्रार्थना करायचे, पावसात सुद्धा. ते खरं आहे. ते मी विसरलेली नाही. मनोरमाबाई म्हणाल्या, स्त्री मंडळ चहा करणार नाही. मी म्हटलं, मी घरून करून आणते, तुम्ही प्यायला या. गेल्या तशाच.

मग मीच विचारात पडले. मी हे मुकुलसाठी करतेय का मास्तरांवरचा राग काढतेय? राग आहे का? असेल. पण आज त्यांचा स्वेटर उन्हात टाकला तेव्हा बाही हातात धरून बसले होते, त्याला काय म्हणायचं? भांडणाचा भाग लिहायला घेतला की पेन अडतं. पौल पण बरोबर वाटतो. काम मोठं होतं, पळणारा माणूस कशाला घ्या. पण मग वाटतं, बाबा पौला, तुला आत कुणी घेतलं होतं?

शेवटी हेच वाक्य लिहिलं. पुढचं तिथंच सुचेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

घसा बसलाय. ज्येष्ठमध. लक्ष्मीकांतराव चार वेळा विचारायला आले. नीरजाचा पुण्याहून फोन, म्हणे आई, नाही जमलं तर पाऊण तासात संपव. मी म्हटलं, तुझ्या बापाला कधी असं सांगितलंस का?

सांगणार आहे मी. ठरलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आधी निकाल लिहिते. तारीख आपली राहिली. आता सगळं सांगते.

काल साडेसहाला उभी राहिले. चर्च भरलेलं. महूचे, देवासचे आले, खंडव्याहून लक्ष्मीबाई आल्या, ऐंशीच्या पुढच्या, दोन बसा बदलून, काठी घेऊन. खंडव्याला आमचा मुक्काम त्यांच्याच घरी असायचा. मनोरमाबाई पहिल्या रांगेत, स्त्री मंडळ सगळं बरोबर, तोंडं अशी की चहा मीच केलाय ते त्यांना माहीत आहे. त्यांच्या शेजारी पाळक, मोबाईलवर शास्त्र उघडून. मागं मास्तरांचा फोटो. फोटोखाली मुकुल, मान खाली.

पहिली ओळ घेतली. मनोरमाबाईंकडं बघून विचारली. त्यांनी नजर काढून घेतली, पण ओळ बसली. लुस्त्राचे बैल आले तेव्हा लोक चांगले हसले. दगड आले तेव्हा गप झाले. तासभर कुठं गेला कळलं नाही.

मग भांडण. पौल नाही म्हणाला, बर्णबा हो म्हणाला. इथं मास्तर नेहमी तबल्याचं ते वाक्य घ्यायचे. मंडळी वाट बघत होती, मला दिसत होतं, काही जण हसायच्या तयारीत होते. मी झांज खाली ठेवली.

"मंडळी," मी म्हटलं, "बारा वर्षांपूर्वी खंडव्यात मास्तरांची ओळ सुटली होती. तबला बरोबर होता. मास्तर मुकुलला सगळ्यांसमोर बोलले, आणि मला माहीत असून मी मागं वाजवत राहिले. नंतर दर वर्षी तुम्ही त्याला हसलात, तेव्हाही वाजवत होते. मास्तर चांगले होते. तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. पण त्या दिवशीची चूक त्यांची, आणि नंतरची माझी."

पाळक मोबाईलवर बोट फिरवत मनोरमाबाईंना हळूच म्हणाले, "ये खंडवा कौन से अध्याय में है? मिल नहीं रहा."

"चुप बैठिए," मनोरमाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत काठी वाजली. लक्ष्मीबाई उठत होत्या. उठायलाच त्यांना वेळ लागला.

"शशिकला, आम्हाला माहीत होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"आम्ही समोरच बसलो होतो, बाई. मास्तर ओळ गिळून गेले ते आमच्या शेवटच्या रांगेला कळलं. तबल्याचं पोरगं बरोबर होतं. तू का गप होतीस, तेवढं आम्हाला कळलं नाही."

बारा वर्षं मी ते झाकून धरलं होतं. मास्तरांसाठी, त्यांच्या नावासाठी. आणि सगळं खंडवा ते उघडं बघून घरी गेलं होतं.

खोटं बोलायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "लक्ष्मीबाई, ते चुकले की सावरायचं, एवढंच मला येत होतं. एकाला सावरलं. दुसरा पडला, ते दिसलं, पण हात झांजेत होते."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "बरं. पुढं सांग. त्या मार्काचं काय झालं?" आणि खाली बसल्या.

पुढचं मास्तरांच्या अकरा वह्यांत कुठंच नाही. शास्त्रात आहे. बर्णबा मार्काला घेऊन जहाजात बसला, कुप्र बेटाकडं गेला. त्यांचं काय झालं कुणी लिहून ठेवलं नाही. मी सांगितलं ते पौलाचं. म्हातारा झाला, तुरुंगात आहे, थंडी आहे, बरोबरचे एक एक करून गेलेत. तेव्हा तो आपल्या माणसाला चिठ्ठी लिहितो, की तू येशील तेव्हा मार्काला घेऊन ये, मला तो पाहिजे.

हे बोलले आणि मागचा ठेका बंद पडला.

वळून बघितलं. मुकुलनं दोन्ही हात तबल्यावर पालथे ठेवले होते आणि मान छातीला टेकलेली. लक्ष्मीकांतराव माझ्याकडं बघत होते, त्यांनी एकच सूर धरला आणि भाता हलवत राहिले.

समोर पाळकांनी घड्याळ बघितलं. कीर्तन थांबलं की लोक चपला शोधायला लागतात, ते मी मागून खूप वेळा बघितलंय. मी हात जोडून उभी राहिले. कुणी उठलं नाही. मनोरमाबाईंनी रुमाल काढला, पण या वेळी डोळ्याला न लावता तो पुढं केला, आणि कुणीतरी हातोहात माझ्या मागं मुकुलपर्यंत पोचवला. त्यानं नाक पुसलं. डग्ग्यावर एक बोट मारून बघितलं. मग माझ्याकडं बघून हात वर धरला, एक मात्रा.

मी तेवढी थांबले, आणि ओळ घेतली.